सतरा फोन आणि एकही ओळ नाही

काकू, नमस्कार.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन दीड वर्षापूर्वी जर्मनीत श्टुटगार्टला आले. त्याआधी तीन वर्षं हिंजवडीत एका कॉल सेंटरला यूके प्रोसेसवर होते, त्यामुळे गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. इथे मात्र डोकं फिरायची वेळ आलीय.

३ मार्चला तक्रार नोंदवली तेव्हापासून आमचं इंटरनेट पूर्ण बंद होतं, ते २२ तारखेच्या रात्री आलं. त्या दिवसांत मी कंपनीला सतरा फोन केले. दर वेळी वीस मिनिटं ते संगीत ऐकायचं आणि मग कुणीतरी म्हणणार, "दा कान इश निख्ट्स माखन", म्हणजे मी काही करू शकत नाही. दोनदा त्यांचा माणूस येणार म्हणून सकाळी आठ ते बारा घरात अडकून बसले. एकदा तो आलाच नाही. दुसऱ्यांदा म्हणे येऊन गेला, घरात कुणी नव्हतं. मी दाराशीच बसले होते! एका बाईंनी तर "आधी जर्मन शिका, मग फोन करा" म्हणून फोन आपटला. मी जर्मनची बी-वन परीक्षा पास आहे, काकू.

वैतागून नवऱ्याने बँकेतून दोन महिन्यांचे चाळीस-चाळीस युरो परत ओढून घेतले. त्यावर दोन मानुंग, म्हणजे थकबाकी भरा म्हणणाऱ्या नोटिसा आल्या, आम्ही बाजूला टाकल्या. आता इन्कासोवाल्यांचं पत्र आलंय, २० तारखेपर्यंत भरा म्हणून. नवरा म्हणतो, भरून टाकू, कटकट नको. माझ्याकडे सगळ्या फोनचं रेकॉर्डिंग आहे, ते पाठवून देऊ का त्यांना?

पण खरं दुखलंय ते वेगळंच. परवा बेकरीत मी बोटाने दाखवून "दोन ब्रेझेल" म्हटलं, तर काउंटरवरच्या बाईंनी सगळ्या रांगेसमोर मोठ्याने "बिट्टे!" (म्हणजे प्लीज!) म्हणून मला दटावलं. घरी येऊन रडले. आपला रंग बघून हे लोक असं करतात, की सगळ्यांशीच असे वागतात? आणि आपण गिळून गप्प बसायचं का?

– श्टुटगार्टची मिरजकर

*

अगं मिरजकर,

बेकरी, रंग, रडणं, सगळ्याकडे येते. पण आधी ते इन्कासोचं पत्र. आज ९ तारीख आहे आणि बाकीचं कशालाही थांबता येईल, याला येणार नाही.

भरू नकोस. आणि गप्पही बसू नकोस. या दोन्ही चुका आपली माणसं करतात, एक भीतीपोटी आणि दुसरी रागापोटी. इन्कासो म्हणजे वसुली करणारी खासगी कंपनी. तिच्या लेटरहेडवर कितीही गरुड-बिरुड असले तरी ती कोर्ट नाही, आणि घरात येऊन टीव्ही उचलून न्यायचा तिला काडीचाही अधिकार नाही. पण तिच्या पत्राला उत्तर दिलं नाही, की पुढे प्रकरण शूफाकडे जाऊ शकतं. शूफा म्हणजे इथली पत-कुंडली. उद्या तुम्ही मोठं घर बघायला गेलात की घरमालक आधी तीच मागतो. आपल्याकडे पत्रिका जुळली नाही तर निदान ओळखीच्या गुरुजींकडे जाता येतं, इथे तीही सोय नाही.

न भरलेल्या पैशाची नोंद शूफात अशी उठसूट करता येत नाही. त्यासाठी दोन लेखी मानुंग गेलेल्या असाव्या लागतात, पहिलीनंतर चार आठवडे उलटलेले असावे लागतात, नोंद होऊ शकते अशी पूर्वसूचना दिलेली असावी लागते, आणि चौथी गोष्ट म्हणजे तुम्ही ती मागणी अमान्य केलेली नसावी लागते. तुमच्या बाबतीत पहिली अट पूर्ण झालेली आहे, आणि दुसरीही बहुधा. तिसरी पूर्वसूचना मानुंगच्या तळाशी बारीक टायपात बहुतेक सापडेल. म्हणजे तुझ्या हातात उरली चौथी. "ही मागणी मला मान्य नाही, कारण अमुक" एवढं कारणासकट लिहून गेलं की ती वाट बंद. तू सतरा वेळा तोंडाने हेच सांगितलंस. लिहिलं मात्र एकदाही नाहीस.

नवऱ्याने पैसे परत ओढले, तेही जरा बघू. खात्यातून आपोआप गेलेले पैसे आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत घेता येतात, बँक एका शब्दाने विचारत नाही. पण पैसे परत आले म्हणून देणं संपत नाही. दोन महिन्यांतले एकोणीस दिवस सोडले तर इंटरनेट चालू होतंच ना? त्या दिवसांचे पैसे कंपनीचेच. त्याला रागावू नकोस, रागात माणसाला हिशोब सुचत नाही. हिशोब आता आपण करू.

१ डिसेंबर २०२१ पासून इथल्या दूरसंचार कायद्यात भरपाईची तरतूद आहे. सेवा पूर्ण बंद पडली आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे प्रत्येकी ५ युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या १० टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम मिळते. पाचव्या दिवसापासून रोज १० युरो किंवा २० टक्के, पुन्हा जास्त असेल ती. तुझं बिल ४० युरो, म्हणजे ५ आणि १० हेच आकडे लागू. तक्रारीचा दिवस सोडून तुझे एकोणीस दिवस होतात. पहिल्या दोन दिवसांचे शून्य, पुढच्या दोन दिवसांचे मिळून १०, उरलेल्या पंधरा दिवसांचे १५०. झाले १६० युरो. कंपनी तुझ्याकडे ८० मागतेय, बाई, आणि तुझेच तिच्याकडे १६० निघतात.

ठरलेल्या वेळी त्यांचा माणूस आला नाही तर त्याचेही दर खेपेला १० युरो किंवा २० टक्के. पहिल्या खेपेचे १० बिनधास्त लाव. दुसऱ्या खेपेआधी मात्र एक काम कर: खाली जाऊन इमारतीच्या बेलवरची नावं वाच. इथे फ्लॅटला नंबर नसतो, आडनाव असतं. बेलवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव असेल, किंवा नवऱ्याचं आडनाव असेल आणि करार तुझ्या माहेरच्या आडनावावर, तर तो बिचारा खाली पाटीसमोर उभा राहून निघून गेला असणार. तू वर दाराशी आणि तो खाली दाराशी. माझ्या ओळखीत हे चार घरांत झालंय. तसं असेल तर ते १० युरो सोडून दे आणि आजच्या आज कागदावर आडनाव लिहून चिकटव. हिशोबात एक खोट सापडली की समोरचा सगळाच हिशोब धुडकावतो.

आता पत्र. एक इन्कासोला, एक कंपनीला, मजकूर जवळपास तोच. वर ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा तिकीट नंबर, तो पहिल्या फोननंतर एसएमएसने आला असेल, शोध. मग तारखा. मग हिशोब. मग एक वाक्य, की तुमची मागणी मला मान्य नाही आणि माझी भरपाई मी या थकबाकीतून वळती करते, उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत खात्यात जमा करा. तारीख १४ दिवसांनंतरची टाक. या मुदतीला फ्रिस्ट म्हणतात, आणि जर्मन भाषेतला एकच शब्द पाठ करायचा असेल तर हा कर. तो दिसला की समोरच्या टेबलावरची फाइल वर येते. "तातडीने" लिहिलंस तर काही हलत नाही.

वीस मिनिटांचं संगीत, दाराशी बसणं, फोन आपटणारी बाई, यातलं काहीही या पत्रात नको. एका पानात बसव.

मी वकील नाही, म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा फेरब्राउखरत्सेंत्रालेत दाखवून घे. ग्राहकांना सल्ला देणारी ही संस्था सोळाही राज्यांत आहे, श्टुटगार्टमध्ये तर आहेच. थोडी फी घेतात, आणि अशा पत्रांचे नमुने वेबसाइटवर फुकट ठेवलेले असतात. तेवढ्याने कंपनी बधली नाही तर बॉनच्या बुंडेसनेत्सआगेंटूरकडे, म्हणजे दूरसंचारवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे, फुकट मध्यस्थी मागता येते. कंपनीला त्यात यायची सक्ती नाही, पण आधी कंपनीशी लेखी झालेलं असलं की तुझी बाजू भक्कम.

आणि एक. पुढेमागे पोस्टमनने पिवळं पाकीट टाकलं तर ते मानुंगच्या ढिगात टाकू नकोस. पिवळं पाकीट म्हणजे कोर्ट. आत मानबेशाइड, म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा आदेश, असेल तर ती मागणी खरी की खोटी हे कोर्टाने तपासलेलं नसतं. ते तुलाच सांगायचं असतं, सोबतच्या फॉर्मवर खूण करून, दोन आठवड्यांत.

रेकॉर्डिंग अजिबात पाठवू नकोस! समोरच्याला न विचारता त्याचं बोलणं रेकॉर्ड करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा दंड. आपल्याकडे फोनमध्ये ते बटण असतंच आणि भांडणात सगळे ते फडकवतात, म्हणून सवयीने झालं असेल. कुणाला ऐकवू नकोस, पत्रात उल्लेखही करू नकोस. यापुढे फोन केलास तर वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तो काय म्हणाला ते लिही. तीन वर्षं कॉल नोट्स लिहिल्यास ना, तसंच.

हुश्श. आता चहा घे.

मी कार्ल्सरूहला आले १९९८ मध्ये. २००३ साली, थोरली पोटात असताना, जिम बंद करायची म्हणून मी तिथल्या काउंटरवर गेले. तिथली मुलगी इतकी गोड, की काय सांगू. बाळाचं विचारलं, कधीचं आहे म्हणाली, माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, आता पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. ती म्हणाली, हो हो, अगदी बरोबर, काळजी घ्या. मी खुश. पैसे जात राहिले तसं पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की करार संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवायचं होतं, तुम्हाला चार दिवस उशीर झालाय, करार एक वर्षाने वाढला आहे. एक वर्ष! बाळ रांगायला लागलं तरी मी जिमचे पैसे भरत होते.

त्या मुलीने मला फसवलं असं मला कित्येक दिवस वाटत होतं. तिने काहीच फसवलं नव्हतं. ती खरंच गोड होती, आणि तिच्या गोड असण्याचा माझ्या कराराशी काही संबंध नव्हता. हे दोन वेगळे कप्पे आहेत, हे कळायला मला वर्षभराची जिमची फी लागली. (कायदा आता सुधारलाय. १ मार्च २०२२ नंतरच्या करारांत पहिली मुदत संपली की एक महिन्याच्या सूचनेवर कधीही बाहेर पडता येतं, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण देणं सक्तीचं आहे. तुझ्यासारख्या नव्या पोरींचं बरंय.)

आपल्याकडे काम माणसाला धक्का देऊन पुढे सरकतं. साहेब, जरा बघा ना. ताई, तुमच्या हातात आहे. नाहीतर आवाज चढवायचा, सीनियरला द्या म्हणायचं, कुणाचा तरी मेहुणा त्या ऑफिसात निघतो का बघायचं. त्यामुळे फोनवर माणूस भेटला की आपल्याला वाटतं आता काम झालं. इथे फोनवरचा माणूस म्हणजे कामाची सुरुवातसुद्धा नव्हे. आणि हे तुला मी सांगायला हवं का? हिंजवडीच्या त्या खुर्चीत तुझ्या हातात काय होतं, आठवून बघ. स्क्रीनवर उघडेल तेवढंच. "आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन" म्हणायचं ते क्वालिटीवाले मार्क देतात म्हणून. म्यूट दाबून तू शेजारणीकडे बघून डोळे फिरवले नसतील असं म्हणू नकोस. मँचेस्टरच्या त्या म्हाताऱ्याला तुझ्या वाक्याने बरं वाटलं असेल, पण त्याचा प्रश्न सुटला असेल तर तो मागच्या टेबलावर सुटला असेल. इथल्या फोनवरच्याला ते वाक्य शिकवलेलंच नाही, एवढाच फरक. "मी काही करू शकत नाही" हे त्याचं वाक्य उद्धट वाटतं, पण बहुतेक वेळा ते शब्दशः खरं असतं.

म्हणून तुला एवढं लागलं. दुसऱ्या कुणाला राग आला असता, तुला विश्वासघात वाटला. रोज रात्री कॅबने जाऊन, झोपेचं खोबरं करून तू परक्यांना जी माया वाटलीस, ती आता कुणीतरी तुला परत द्यायला हवी होती.

सभ्यपणा इथे नाही असं नाही, तो कागदावर असतो. ते इन्कासोचं पत्र पुन्हा काढ. सुरुवात "ज़ेअर गेएर्टे" अशी आहे ना? अत्यंत सन्माननीय! शेवटी "स्नेहपूर्वक नमस्कार". मधल्या तीन परिच्छेदांत धमकी. तुझ्या पत्रालाही हीच वस्त्रं चढव.

बरं, बेकरी.

रांगेसमोर दटावलं की पाणी येतंच डोळ्यांत, त्याबद्दल तुला मी काही म्हणणार नाही. पण आपण तिथे काय बोलतो ते जरा बघ. मिरजेत दुकानात गेलीस की काय म्हणतेस? "अर्धा किलो रवा द्या." यात उद्धटपणा आहे का? मुळीच नाही, कारण सगळं आर्जव त्या "द्या"मध्ये आहे. "दे" म्हटलं असतं तर वेगळं. आणखी मऊ करायचं तर "द्या ना", "जरा द्याल का". "कृपया" आपण बोलतच नाही. तो शब्द पाटीवरचा, कृपया चपला बाहेर काढाव्यात. आता हेच जर्मनमध्ये नेलं की "द्या" तर गळून पडतो आणि उरतं काय? दोन ब्रेझेल. नुसतं. वर बोट. त्या बाईंच्या कानाला ते "ए, दोन ब्रेझेल" असं ऐकू गेलं. "बिट्टे" हा त्यांचा "द्या" आहे, तो लावल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

आणि आत गेल्याबरोबर काही म्हटलं होतंस का? आपण दुकानात शिरतो ते थेट यादी वाचत. इथे लहान दुकानात पाऊल टाकलं की आधी दुकानाला नमस्कार करायचा, तुमच्या भागात "ग्र्यूस गॉट", जाताना "आडे". तो नाही केलास तर आल्याची दखलच घेतली नाहीस असा अर्थ होतो. मी आठ दिवस सलग एकाच बेकरीत हा प्रयोग केला होता. नमस्कार, बिट्टे, आभार, आडे. नवव्या दिवशी त्या बाईंनी विचारलं, आज उशीर झाला का? इथल्या मानाने ही मिठीच समज.

शिवाय तू पडलीस श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या मुलखात. तिथली म्हणच आहे, "नेट ग्शिंप्फ्ट इश गनुग ग्लोब्ट", म्हणजे शिव्या घातल्या नाहीत ना, मग तीच शाबासकी समजा. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, पण बहिणींचे स्वभाव काही जुळलेले दिसत नाहीत. (पुण्याचा विनोद इथे अगदी तोंडावर आलाय. आवरते. तो सगळ्यांनी करून झालाय.)

तर रंग बघून का? बेकरीतल्या बाईंबद्दल मला तसं वाटत नाही. कॉलेजातल्या जर्मन पोरालाही त्यांनी तसंच सुनावलं असतं. इंटरनेटचं तर सोडच. माझ्या शेजारच्या बाई सत्तरीच्या, जन्माने कार्ल्सरूहच्या. त्यांचा फोन गेल्या वर्षी अकरा दिवस बंद होता आणि त्यांनाही हेच "निख्ट्स माखन" ऐकायला मिळालं. जर्मन लोकच या प्रकाराला झेर्विसव्यूस्टे म्हणतात, सेवेचं वाळवंट.

पण फोन आपटणाऱ्या बाईंना मी या पंगतीत बसवणार नाही. "मी काही करू शकत नाही" हा नियम झाला. "आधी जर्मन शिका, मग फोन करा" हा नियम नाही, कुठल्या करारात लिहिलेलं नाही. सत्तरीच्या माझ्या शेजारणीला हे कुणी म्हणणार नव्हतं. त्यामुळे मिरजकर, इथली पद्धतच तशी, आपणच समजून घ्यायला हवं, हे जे परदेशातल्या आपल्या मंडळात कुणी ना कुणी तुला नक्की सांगेल, ते या एका फोनच्या बाबतीत ऐकू नकोस. मीही नव्या मुलींना बरीच वर्षं तेच सांगत होते. आता नाही सांगत.

यासाठी वेगळं पत्र लिही. पहिल्या पत्रात हे मिसळू नकोस, ते पैशाचं आहे. यात त्या दिवसाची तारीख, वेळ, नाव आठवत असेल तर नाव, आणि त्या जे बोलल्या ते वाक्य जसंच्या तसं. खाली, तुमच्या कंपनीची यावर काय भूमिका आहे ते १४ दिवसांत कळवा. फ्रिस्ट. वंश किंवा मूळ बघून ग्राहकाला वेगळी वागणूक द्यायला इथे २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्याने बंदी आहे, आणि बर्लिनला भेदभावविरोधी केंद्रीय कार्यालय आहे, ते फुकट सल्ला देतं. त्या कायद्याखाली हक्क मागायची मुदत दोन महिन्यांची असते, आणि तुझा फोन मार्चचा, त्यामुळे भरपाईची वाट बहुधा गेलेली आहे. तुला खोटी आशा लावत नाही. फोनवरचं बोलणं सिद्ध करणंही सोपं नसतं. पण कंपनीला तक्रार करायला मुदत नाही. शिवाय ज्या कंपन्यांच्या पत्रांची दर महिन्याला मोजदाद होते, तिथे असं एक पत्र कुणाच्या तरी टेबलावर पोहोचतंच. तुमच्या टीममध्ये एखाद्या गिऱ्हाइकाची लेखी तक्रार आली की दोन दिवस कसलं वातावरण असायचं, ते तूच मला सांगशील.

परत कधी फोनवर असं झालं तर उलट शिवी देऊ नकोस, मराठीतूनही नको. अपमान हा इथे गुन्हा आहे. "कृपया तुमचं नाव सांगा, मी लिहून घेतेय" एवढंच म्हण. या वाक्याने आवाज कसे बदलतात ते बघण्यासारखं असतं.

शेजारणीचं राहिलं. त्यांचे अकरा दिवस झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. पाठीवर गोल भोक असते ना बोट घालून ओढायला, ती. आत इंटरनेट, वीज, घरभाडं, असे रंगीत कागद घालून भाग केलेले, आणि १९९० च्या दशकातलं पहिलं टेलिफोनचं बिलसुद्धा. त्यांनी पत्र लिहिलं, त्याची प्रत त्याच भागात लावली, लोखंडी खटका दाबला, खट्ट, आणि मला केक दिला. पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही. भरपाई पुढच्या बिलातून वजा होऊन आली. अशी फाइल घे आधी, चार-पाच युरोला मिळते. तुझ्या गावचीच आहे म्हण, लुई लाइत्सने १८७१ मध्ये श्टुटगार्टलाच तो कारखाना काढला. त्या दोन मानुंग कुठे टाकल्या आहेत त्या शोध, आणि पहिल्या भागात लाव.

पत्रं ईमेलने पाठवलीस तरी कायद्याने चालतं, पण या वेळी कागदावर पाठव, आइनवुर्फ-आइनश्रायबेनने. हा रजिस्टरचा साधा प्रकार. पाकीट कधी पेटीत टाकलं त्याची नोंद पोस्टमन करतो, आणि मिळालंच नाही म्हणणं मग अवघड जातं. पावतीवरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेव, ती शाई उन्हात उडते. तुमच्याकडे पोस्ट म्हणजे बहुतेक वह्या-पेनांच्या दुकानातला नाहीतर लॉटरीच्या टपरीतला एक कोपरा असेल, रांगही असेल. दुपारी एक वाजायच्या आत जा. आत शिरलीस की आधी "ग्र्यूस गॉट". मग पैशाच्या पत्रांची दोन्ही पाकिटं पुढे कर आणि म्हण, "त्स्वाय आइनश्रायबेन, बिट्टे."

– काकू